समझ में आया?

हिंदीच्या वर्गांमधल्या या काळप्रवासाचे नियम मोजकेच आहेत. प्रत्येक मुक्कामी तुम्ही प्राथमिक शाळेतलं मूल असाल आणि समोर हिंदीतला एक मजकूर असेल. सिनेमातून, प्रवासातून, टीव्हीवरून तुम्ही गोळा केलेली हिंदी इथेच ठेवून जायची. त्या त्या घरची बोली तेवढी तोंडात असेल. धडा संपला की गुरुजी विचारतील, "समझ में आया?" त्याला काय उत्तर द्यायचं, हे वर्गात पाऊल टाकताच तुम्हाला कळेल. ते कुणी शिकवावं लागत नाही.

बनारसजवळचं एक गाव, १८६५

तुम्ही तख्ती तयार करताय. कालचं लिहिलेलं धुतलं, मातीचा पातळ लेप दिला, तख्ती उन्हात वाळवली, मग घोटून गुळगुळीत केली. बोरू शाईत बुडवायची वेळ अजून आलेली नाही. शाळा म्हणजे एका वाड्याची ओसरी. तुमच्याशिवाय शेजारच्या दोन-तीन गावांतली मुलं इथे चालत येतात. अशा गावांचा एक हलका आणि मध्यावरच्या गावात एक शाळा, म्हणून तिचं नाव हलकाबंदी शाळा. उत्तर-पश्चिम प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या काळात, १८५०च्या आसपास, ही योजना सुरू झाली. खर्च भागतो जमीनदारांच्या शेतसाऱ्यावरच्या शेकडा एक रुपया पट्टीतून.

तुमचे वडील दुकानदार. त्यांच्या वहीतली अक्षरं तुम्ही जन्मापासून पाहिलेली आहेत. ती कैथी आहेत, डोक्यावर रेघ नसलेली, एका झपाट्यात लिहिलेली. गुरुजींनी हातात दिलेल्या छापील पुस्तकात मात्र नागरी आहे. अक्षरांचं एक वेळ निभेल, पण त्यातली भाषा? घरी आई भोजपुरीत रागावते, आजी भोजपुरीत गोष्ट सांगते. पुस्तकात दिल्ली-मेरठकडच्या खडी बोलीवर बेतलेलं नवं गद्य आहे. तुमच्या गावात असं कुणीच बोलत नाही. गुरुजीसुद्धा पुस्तक मिटलं की बोलत नाहीत.

गुरुजी एक वाक्य वाचतात, तुम्ही सगळे ते एका सुरात म्हणता. मग ते अवघड शब्दांचे अर्थ सांगतात आणि तुम्ही तेही एका सुरात म्हणता. समजा, आज पुस्तकात 'राजा भोज का सपना' ही गोष्ट आहे. आपल्या दानधर्माचा गर्व झालेल्या राजाला स्वप्नात सत्य भेटतं. तुमच्या डोक्यात लगेच प्रश्न उभा राहतो. सत्य भेटायला आलं म्हणजे नक्की कोण आलं? बाई होती की बुवा? राजा घाबरला का? प्रश्न भोजपुरीत आलाय. ओठांपर्यंत आणून तुम्ही तो गिळता, कारण या ओसरीवर भोजपुरीत फक्त पाणी प्यायला जायची परवानगी मागतात.

गोष्टीचे लेखक आहेत बाबू शिवप्रसाद, ज्यांना पुढे जग 'सितारेहिंद' म्हणून ओळखेल. त्यांनी मुलांसाठी बरीच पुस्तकं लिहिली. बनारस विभागाच्या शाळांचे सरकारी निरीक्षकही तेच. ज्याने पुस्तक लिहिलं त्याच्याच खात्याने ते पाठ झालं की नाही हे तपासायचं, अशी ही व्यवस्था आहे. शाळेत आधी वहीपेक्षा बोट जास्त चाललं असेल, धुळीवर अक्षरं गिरवून. आता पुस्तक आलं आणि पुस्तकातलं वाक्य हेच उत्तर झालं. ते शब्द न शब्द म्हणून दाखवणारा मुलगा हुशार. आपल्या शब्दांत सांगणारा मुलगा विसरभोळा.

"समझ में आया?"

"जी!" सगळा वर्ग म्हणतो. तुम्हीही म्हणता.

महोबा, १९१०, श्रावण

आता तुम्ही बुंदेलखंडात आहात. आईला 'बऊ' म्हणता आणि मोठी माणसं तुम्हाला 'मोड़ा' म्हणून हाक मारतात. बाहेर पाऊस आहे, म्हणजे चौपालावर आल्हा आहे. ढोलकीवर थाप पडते आणि महोब्याच्या दोन वीर भावांची, आल्हा आणि ऊदलची कथा सुरू होते. तिला बुंदेलखंडाचा पोवाडाच म्हणायचं, फक्त ती रात्र-रात्र चालते.

तुम्ही गर्दीत मांडी घालून बसलाय. माहिलचं नाव येताच तुम्ही दात-ओठ खाता, कारण हा मामा आता चहाडी करणार हे तुम्हाला ठाऊक आहे. गाणारा दमला की वाद सुरू होतो. राजा परमालने हाकलून दिलेल्या भावांनी, पृथ्वीराज चालून आल्यावर परत यावं का? शेजारचा सोबती म्हणतो, यावं, माती आपली आहे. तुम्ही म्हणता, राजाने आधी माफी मागायला हवी होती. एक म्हातारा तुमच्याकडे बघून मान हलवतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी इथे कजलीची जत्रा भरते, ती याच लढाईची आठवण, म्हणून गावातल्या प्रत्येकाचं या बाबतीत काही ना काही मत आहे. पात्रं ओळखणं, पुढचं ताडणं, कारण शोधणं, बाजू घेणं, समोरच्याला पटवणं, हे सगळं तुम्ही आठ वर्षांचे असताना अंधारात बसून करताय. साहित्य कळणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं नसतं.

सकाळी तुम्ही शाळेत जाता आणि मुके होता.

आज शाळा सारवलेली आहे. गुरुजींनी स्वच्छ धोतर नेसलंय. सब-डिप्टी इन्स्पेक्टर येणार आहेत. कोणता धडा कुणी वाचायचा, कोणत्या प्रश्नाला कुणी हात वर करायचा, हे आठवडाभर घोटून झालंय. तुम्हाला शेवटच्या ओळीत बसवलंय, कारण तुम्ही वाचताना अडखळता आणि उत्तर देताना बुंदेलीत घसरता. इन्स्पेक्टरांचा शेरा वाईट आला तर गुरुजींची नोकरी अडचणीत येते, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे.

दारात आलेला माणूस तिशीचा आहे, प्रकृतीने किरकोळ, डोळे मात्र चौकस. नाव धनपतराय. १९०९ पासून हमीरपूर जिल्ह्यातल्या शाळा तपासत ते गावोगाव हिंडताहेत. 'नवाब राय' या नावाने लिहिलेला त्यांचा 'सोज़े वतन' हा उर्दू कथासंग्रह १९०८ मध्ये आला, त्याबद्दल कलेक्टरने त्यांना बोलावून झापलं आणि प्रती काढून घेतल्या. आता त्यांना नवं नाव लागणार आहे. याच वर्षी ते 'प्रेमचंद' होतील.

आणि १९३३ मध्ये हे प्रेमचंद 'चाँद' मासिकात 'ईदगाह' लिहितील. चार-पाच वर्षांचा हामिद, खिशात तीन पैसे. सोबती खेळणी आणि मिठाई घेतात, हा आजी अमीनासाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण भाकरी तव्यावरून काढताना तिची बोटं भाजतात. मग तो तो चिमटा खांद्यावर टाकून सगळ्या मातीच्या खेळण्यांपेक्षा श्रेष्ठ कसा, हे असं काही पटवून देतो की सोबत्यांची तोंडं बंद होतात. तुम्ही काल रात्री चौपालावर परमालच्या विरुद्ध जो वाद घातलात, तसाच हा वाद. प्रेमचंदांना मुलांची बुद्धी कुठे राहते ते नीट ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी पुस्तकातल्या ओळी घोकणारी पुरेशी मुलं पाहिली होती.

पुढच्या पिढ्यांना हीच गोष्ट शिकवतील आणि खाली प्रश्न छापतील, हामिदने जत्रेतून काय घेतलं? उत्तर एका शब्दाचं, चिमटा. ज्याने गोष्ट वाचली त्यालाही ते येतं आणि ज्याने शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं त्यालाही. चिमटा खरोखर भारी होता की हामिदचं तोंड भारी होतं, हे कुणी विचारलं तर वर्गात दंगल उसळेल. म्हणूनच ते विचारलं जात नाही.

शाहपूर, बैतूल जिल्हा, १९९०

सातपुड्यात थंडी आहे. तापी ज्या मुलताईत उगम पावते ते याच जिल्ह्यात, आणि तिकडे दक्षिणेला मराठी कानावर पडते. तुम्ही मात्र शाहपूर भागातल्या कोरकू घरात आहात. तुमची भाषा मुंडा कुळातली, हिंदीशी तिचं नातं नाही. बनारसच्या मुलाला हिंदी निदान नात्यातली वाटली असेल. तुमच्यासाठी ती सबंध परकी आहे. सरकारी कागदावर हे हिंदी राज्य आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं हिंदीत.

तरी आज वर्गात गडबड आहे आणि गुरुजी ती थांबवत नाहीत. जमिनीवर खडूने चित्रं काढलेली आहेत. एका कोपऱ्यात चित्रकार्डं आणि शब्दकार्डं जुळवण्याचा खेळ चाललाय. पुस्तकाचं नाव 'खुशी-खुशी'. त्यात भाषा, गणित आणि परिसर एकाच पुस्तकात बांधलेले आहेत, कारण तुमच्या डोक्यात त्यांचे वेगळे कप्पे नाहीत. ही 'प्राशिका' आहे, प्राथमिक शिक्षा कार्यक्रम. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने १९८७ पासून तो शाहपूर आणि हरदा या भागांतल्या सरकारी शाळांत सुरू केला. याच परिसरात १९७२ पासून 'होशंगाबाद विज्ञान' हा कार्यक्रम चालू होता, ज्यात मुलं पाठांतराऐवजी प्रयोग करत. आता तोच विचार पहिली-दुसरीच्या भाषेला लावून पाहिला जातोय.

गुरुजी गोष्ट सांगायला घेतात. पुस्तक उघडलंय, पण ते वाचण्याच्या चालीत न जाता सांगण्याच्या चालीत जातात, हातवारे करत. लांडगा झोपडीपाशी येतो, आणि ते पुस्तक मिटतात.

"अब क्या होगा?"

तुम्हाला उत्तर माहीत आहे. गेल्या वर्षी तुमच्या मामाच्या गोठ्यात बिबट्या शिरला होता तेव्हा सगळ्यांनी डबे वाजवले होते. तुम्ही हात वर करता आणि कोरकूत सांगू लागता. मध्येच 'डब्बा' आणि 'भाग गया' असे दोन हिंदी शब्द येतात. गुरुजींना कोरकू येत नाही. ते तुमच्या शेजारच्या मोठ्या मुलीला विचारतात, "क्या बोल रहा है?" ती हिंदीत सांगते. गुरुजी वळतात आणि फळ्यावर लिहितात: *सबने डब्बे बजाए। तेंदुआ भाग गया।*

तुम्ही फळ्याकडे बघत राहता. ते तुमचं वाक्य आहे. आता ते वाचायला तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. त्यात काय लिहिलंय ते तुम्हालाच सगळ्यात आधी माहीत होतं. 'डब्बे' कुठे संपतो आणि 'बजाए' कुठे सुरू होतो, हे तुम्ही बोट ठेवून शोधता. अक्षरओळख इथेही होतेच आहे, फक्त अर्थाच्या मागून.

या पद्धतीला विरोध होता. मूल शाळेत येऊन चित्रं काढतं, मातीचे बैल करतं, गोष्टी सांगतं, मग शिकतं कधी, असा प्रश्न पालक विचारत. त्यात चूक काही नव्हती. गरीब घरातून मूल शाळेत पाठवताना त्यांना बाराखडी हवी होती, कारण तिचा उपयोग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. गुरुजींचंही सोपं नव्हतं. पाठांतराच्या वर्गात पुढचा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही आधीच माहीत असतात. इथे मूल काय बोलेल सांगता येत नाही, आणि ते जे बोलेल त्यातूनच पुढचा तास उभा करायचा असतो. त्यासाठी प्रशिक्षणं, मासिक बैठका, एकमेकांच्या वर्गात बसणं, हे सगळं लागलं. एका चांगल्या पुस्तकाने एवढं झालं नसतं.

सुट्टीत गुरुजी एक मासिक देतात, 'चकमक'. भोपाळहून जुलै १९८५ पासून निघतंय. त्यात 'मेरा पन्ना' नावाचा भाग आहे, मुलांनी लिहिलेला आणि रेखाटलेला. तुम्हाला कळतं की छापील हिंदी मुलंही लिहू शकतात. बनारसच्या ओसरीवर हा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. (एकलव्यच्या 'संदर्भ' या हिंदी शैक्षणिक नियतकालिकाची वाट धरून पुढे पुण्यात मराठी 'शैक्षणिक संदर्भ' सुरू झालं. म्हणजे सातपुड्याच्या त्या बाजूचं काम या बाजूला पोचलं.)

"समझ में आया?" गुरुजी सवयीने विचारतात.

तुमच्या पुढे बसलेली मुलगी म्हणते, "नहीं।" आणि कुणी हसत नाही.

उत्तम नगर, दिल्ली, २००८

आता तुम्ही दहा वर्षांचे, पाचवीत. घरी मैथिली, कारण आई-वडील मधुबनीहून आले. गल्लीत दिल्लीची हिंदी, शाळेच्या पाटीवर इंग्रजी. हातात एनसीईआरटीचं नवं कोरं 'रिमझिम'. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला, त्यावर बेतलेली ही पुस्तकं. पहिली आणि तिसरीची २००६ मध्ये आली, दुसरी आणि चौथीची २००७ मध्ये, पाचवीचं यंदा. एनसीईआरटीचे संचालक आहेत प्रा. कृष्ण कुमार. मुलाची घरची भाषा आणि शिक्षकाचा वर्ग यांवर ते कित्येक वर्षं लिहीत आलेत.

पुस्तक उघडल्यावर ते वेगळं आहे हे तुम्हालाही जाणवतं. पहिलीच्या 'रिमझिम'मध्ये 'आम की कहानी' नावाची आख्खी गोष्ट एकही शब्द न वापरता चित्रांतून सांगितलेली आहे, म्हणजे ती सांगायला मुलाला आपलीच भाषा काढावी लागते. तुमच्या पाचवीच्या पुस्तकात तिबेटची लोककथा आहे, अनुपम मिश्रांचा पाण्यावरचा लेख आहे, आयझॅक असिमोव्हची भविष्यातल्या शाळेची गोष्ट आहे. आणि जीलानी बानो यांची 'एक दिन की बादशाहत' आहे. आरिफ आणि सलीम हे दोन भाऊ मोठ्यांच्या हुकमांना कंटाळून एक दिवसाची सत्ता मागून घेतात आणि मोठ्यांनाच लहान मुलांसारखं वागवतात. धड्याखाली प्रश्न आहे की घरात एक दिवस सगळे अधिकार तुला मिळाले तर तू काय करशील.

तुम्ही हरखता. काय कराल ते तुमच्या मनात केव्हापासून तयार आहे. वडिलांना एक दिवस कारखान्यात जाऊ द्यायचं नाही. आईला गॅससमोरून उठवून खुर्चीत बसवायचं. मधुबनीला फोन लावायचा आणि आजीशी पैशांची चिंता न करता बोलायचं.

मॅडम फळ्याकडे वळतात आणि उत्तर लिहितात: अगर मुझे एक दिन के सारे अधिकार मिल जाएँ, तो मैं समय पर उठूँगा, बड़ों का आदर करूँगा और घर को साफ़ रखूँगा. चाळीस वह्यांत चाळीस मुलं एकच इच्छा उतरवून घेतात. मॅडम वाईट नाहीत. परीक्षेत उत्तर तपासायचं आहे, पालकांना वहीवर लाल खुणा नको आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात 'रिमझिम'ची कुंजी विकायला आलेली आहे. त्या कुंजीत या प्रश्नाचंसुद्धा तयार उत्तर आहे.

पुस्तक बदललं, प्रश्न बदलला, वर्ग १८६५ मध्येच राहिला. मोकळ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर दिलं की तो प्रश्न मोकळा राहत नाही. याच वर्षी एनसीईआरटीने 'बरखा' ही मालिकाही काढली. चार पायऱ्यांच्या, चाळीस छोट्या गोष्टींच्या पुस्तिका. मुलांनी नुसती गंमत म्हणून वाचाव्यात, खाली प्रश्न नाहीत, परीक्षा नाही. ज्या वर्गात त्या मुलांच्या हाताला लागतील अशा दोरीवर टांगल्या गेल्या, तिथे त्या फाटेपर्यंत वाचल्या जातील. ज्या शाळेत त्या कपाटात कुलूपबंद राहिल्या, तिथे त्या अजूनही नव्या असतील.

"समझ में आया?"

"यस मॅम."

सीतापूर, २०२४

घरी अवधी, हातात काहीच नाही. पुस्तक बाईंच्या मोबाइलमध्ये आहे. तुम्ही दुसरीत. बाई तुम्हाला जवळ बोलावतात, पडद्यावर उतारा येतो आणि घड्याळ सुरू होतं.

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, हा त्याचा हेतू. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट आहे.

वेगाची ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एकेक अक्षर जुळवत तुम्ही वाचता, तेव्हा वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते. देवनागरीत पहिली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारायची असते, जोडाक्षरात अर्धं अक्षर दडलेलं असतं. यात सगळं लक्ष गेलं की गोष्टीसाठी काही उरत नाही. देशाची अवस्थाही तशीच आहे. 'प्रथम' ही १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था. तिच्या 'असर' अहवालानुसार २०२४ मध्ये ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा खरी आहे, पण उरलेली मुलंही खरी आहेत.

तुम्ही मात्र आज वाचता. भराभरा, श्वास न घेता, विरामचिन्हांवर न थांबता. घड्याळ थांबतं. बाई खूश होतात. मग दोन प्रश्न येतात आणि दोन्हींची उत्तरं उताऱ्यातल्या शब्दांत आहेत. तुम्ही ती देता. उताऱ्यातली म्हातारी रडत का होती, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही अवधीत सांगितलं असतं, कारण तुमची आजीही गेल्या आठवड्यात अशीच रडत होती. बाईही अवधीच बोलतात आणि त्यांना ते पक्कं समजलं असतं. मागे तीस मुलं रांगेत उभी आहेत. मिनिट मोजता येतं, म्हणून ते मोजलं जातं. अर्थ मोजायला मुलासमोर बसावं लागतं.

धारणी, मेळघाट, २०२५

हा शेवटचा मुक्काम आणि इथे नियम बदलतो. तुम्ही मूल नाही. खडू तुमच्या हातात आहे.

शाळा जिल्हा परिषदेची, माध्यम मराठी, वर्ग पाचवी, तास हिंदीचा. समोर बसलेली बहुतेक मुलं कोरकू आहेत. शाहपूरच्या मुलांचीच ही जमात, फक्त राज्याची सीमा मध्ये आली म्हणून तिकडे शाळा हिंदीत आणि इकडे मराठीत. यांची पहिली भाषा कोरकू, दुसरी शाळेतली मराठी, तिसरी पुस्तकातली हिंदी. बाजारातली हिंदी काहींच्या कानावर आहे, तिचं आणि पुस्तकातल्या हिंदीचं फारसं जमत नाही.

तिकडे राज्यभर गदारोळ झालेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने पहिलीपासून हिंदीचा निर्णय काढला, जूनमध्ये तो सुधारून काढला आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द करत असल्याचं सांगून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर केली. हिंदी कितवीपासून, यावर सभा झाल्या, मोर्चे ठरले, लेख आले. लहान मुलावर तिसरी भाषा लादू नये हे म्हणणं रास्तच होतं. मात्र पाचवीपासून जी हिंदी आपण कित्येक वर्षं शिकवतो आहोत ती वर्गात कशी शिकवली जाते, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

महाराष्ट्रात तर एक सापळा जास्तीचा आहे. लिपी एकच. मराठी वाचणारं मूल पहिल्याच दिवशी हिंदीचा धडा खडखडीत वाचून दाखवतं. आपल्याला वाटतं, याला येतंय. त्याच्या तोंडून हिंदी बाहेर पडते, पण आत जातेच असं नाही. ज्या भाषांची लिपी अनोळखी असते तिथे मूल अडखळतं आणि शिक्षक थांबतो. इथे मूल अडखळत नाही, म्हणून आपण थांबत नाही.

तेव्हा आज थांबा. धडा मुलांना वाचायला लावण्याआधी तुम्ही स्वतः वाचा, गोष्ट सांगितल्यासारखा. अर्ध्यावर पुस्तक मिटा आणि पुढे काय होईल ते विचारा. उत्तर कोरकूत आलं तर येऊ द्या, मराठीत आलं तर येऊ द्या, अर्धं-अर्धं आलं तरी चालेल. तुम्हाला कोरकू येत नसेल तर वर्गातलंच कुणी मूल सांगेल. मुलांनी जे सांगितलं ते साध्या हिंदीत फळ्यावर लिहा, तीन-चार वाक्यं पुरेत, आणि आधी ती वाचून घ्या. मग पुस्तकातला उरलेला भाग वाचा आणि लेखकाने काय केलं ते मुलांच्या अंदाजाशी ताडून पाहा. कुणाचा अंदाज चुकला म्हणून काट मारू नका. लेखकापेक्षा मुलाचा शेवट चांगला असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा. पात्रं वाटून धडा करून दाखवू द्या. एक चित्र काढू द्या आणि त्याखाली हिंदीत दोन ओळी लिहू द्या. त्या ओळींतल्या लिंग-वचनाच्या चुका आज दुरुस्त करायलाच हव्यात असं नाही. मुलाला काहीतरी सांगायचं होतं आणि ते त्याने या तिसऱ्या भाषेत सांगितलं, हे आजच्या तासाला पुरेसं आहे.

यात वेळ जातो. पुस्तकातले सगळे धडे असे होणार नाहीत. आठवड्यातला एक जरी झाला तरी पुष्कळ झालं. बाकीच्या धड्यांना शब्दार्थ, वाचन आणि सराव द्या, त्यांचीही गरज आहे. फक्त त्या एका तासाला चाळीस वह्यांत एकच उत्तर दिसलं, तर मुलं नापास नाहीत, आपण नापास आहोत असं समजा.

हीच गोष्ट घरच्यांनाही सांगायची आहे. मुलाची हिंदीची वही उघडून उत्तरं बरोबर आहेत का ते पाहण्याआधी, गोष्टीतलं कोण आवडलं आणि का, एवढं त्याच्याशी आपल्या भाषेत बोला.

आणि तास संपताना "समझ में आया?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला दीडशे वर्षांत मुलांनी बहुतेक वेळा एकच उत्तर दिलं आहे आणि ते खरं असल्याची खात्री कुणालाच नव्हती. त्याऐवजी ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत नाही असा एक प्रश्न विचारा, आणि मूल बोलेपर्यंत थांबा.